बिनवासाची गोधडी

गोधडीला मासळीचा वास येता कामा नये, एवढंच येसूबाईचं म्हणणं होतं.

आता कोळीवाड्यात राहायचं आणि मासळीचा वास नको म्हणायचं, म्हणजे मिठागरात बसून खारट लागतं म्हणून तक्रार करण्यातला प्रकार. पण हे येसूबाईला सांगणार कोण? तिचा नवरा तुकाराम तांडेल भर वादळात होडी परत आणील, पण बायको बोलायला लागली की तो माणूस वल्हं टाकून बसायचा. मुलगा हरेश्वर बापावर गेलेला. सून कमळ बाळंतीण, तिला हसायचीसुद्धा चोरी.

झालं होतं असं की, कमळचं पहिलं मूल पायाळू. गावच्या सुईणीनं हात टेकले. तेव्हा सरकारी दवाखान्यातली आंजेलिन नर्स छत्री घेऊन चालत आली, दीड दिवस कमळच्या उशाशी बसली आणि नातू सुखरूप येसूबाईच्या ओटीत घालून चहासुद्धा न घेता निघाली. येसूबाईनं खण, नारळ आणि पाच रुपये पुढं केले. नर्सनं हात जोडले.

"मावशी, सरकार मला पगार देतं. मी काही घेत नाही."

"आवो, पन आमच्या रीतीचं काय?"

"रीतच पाळायची तर नाताळ येतोय. आमच्यात नाताळाला भेट देतात. घरातल्याच वस्तूतून हातानं काही करा, ते घेईन. पण पैसा खर्च करायचा नाही. विकतचं आणलंत तर परत पाठवीन."

येसूबाई जन्मात कोणाच्या उपकाराखाली राहिली नव्हती. ती म्हणायची, उपकार घेतलेलं माणूस मान खाली घालून चालतं, आणि मान खाली घातली की डोक्यावरची पाटी पडते. त्यातच नर्सच्या बदलीचा कागद आला. घाटावर, साताऱ्याच्याही पुढं कुठंतरी. चोवीस तारखेच्या चारच्या एसटीनं ती जाणार होती. म्हणजे मान वर ठेवायची तर चोवीसच्या आत.

एवढ्यावर निभावलं असतं. पण बाराव्या दिवशी नर्स बाळाला बघायला आली. येसूबाई ओटीवर चुलीपाशी मशेरी भाजत बसली होती. नर्स दाराशी आली, थबकली, पटकन रुमाल काढून नाकाला लावला, "उद्या येते, मावशी," म्हणाली आणि आल्या पावली वळली.

शेजारच्या अंगणात नीराबाई बोंबील टांगत होती. टांगायचे बोंबील तसेच हातात धरून ती म्हणाली, "येसूवैनी, नरसबायला तुमच्या घरचा वास सोसना वाटतं!"

नीराबाईच्या घराला काय अत्तराचा वास येत होता? तिची बोंबील वाळवायची बांबूंची वलांडी येसूबाईच्या अंगणाच्या कुडाला टेकलेली. पण रुमाल येसूबाईच्या दारात निघाला होता, नीराबाईच्या नव्हे. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या कोळीवाड्यात फिरली.

येसूबाईनं त्याच दिवशी ठरवलं. नर्सला गोधडी द्यायची. घाटावर थंडी असते. आणि ती गोधडी अख्ख्या कोळीवाड्यासमोर नर्सच्या हातात ठेवायची, आणि नर्सचा हात रुमालाकडे जाता कामा नये.

तिनं पेटी उघडली. रोजच्या लुगड्यांचा प्रश्नच नव्हता, ती उभी केली तर स्वतःच्या पायांनी बाजारात मासळी विकायला गेली असती. पेटीच्या तळाशी लग्नातलं हिरवं लुगडं होतं, तिच्या आईचं जांभळं होतं, ते वरच्या अंगाला घेतलं. आता खालच्या अंगाला काय? मोठं, धड आणि वास न लागलेलं कापड घरात एकच होतं. तुकारामचं पांढरंशुभ्र धोतर. वर्षातून एकदा, नारळी पुनवेला, दर्याला नारळ द्यायला जाताना तो ते नेसायचा.

"येसू, माजं धोतर कुठं गेलं गो?" दोन दिवसांनी तुकारामनं विचारलं.

"पुनव कवा हाय?"

"श्रावनात."

"मंग मार्गशीर्षात कशाला पायजे? नेसून कुठं वरातीला जायाचंय?"

तुकारामनं श्रावणापर्यंत विचारायचं नाही असं ठरवलं.

पंधरा दिवस येसूबाई शिवत होती. सुईला हात लावण्याआधी रिठ्यानं हात धुवायची. कमळनं "आई, मी दोन टाके घालू?" म्हटलं तर तिचे हात आधी हुंगायची आणि मग नाही म्हणायची. बारीक बारीक टाके, चारी कोपऱ्यांना नारळाची फुलं. गोधडी अशी देखणी झाली की नीराबाई कुडावरून बघून काहीच बोलली नाही, यातच काय ते समजावं.

पण वासाचं काय? ते ठरवायला येसूबाईचं नाक काही कामाचं नव्हतं. पन्नास वर्षं मासळीत काढलेलं नाक, त्याला मासळी सोडून बाकी सगळ्याचा वास यायचा. गावात कोरं नाक एकच होतं. नवे शाळामास्तर, देशावरून महिन्याभरापूर्वी आलेले, मासळीच्या वासानं अजून जेवताना डोळे मिटायचे. येसूबाई गोधडी घेऊन शाळेत गेली.

"मास्तर, हुंगा."

मास्तरांनी हुंगलं. "सुकट," ते म्हणाले.

येसूबाईनं गोधडी रिठ्यानं धुतली, वाळवली, परत नेली.

"आता?"

"आता ओले बोंबील."

तिसऱ्यांदा शिकेकाईनं धुतली आणि घडीत मूठभर कापूर ठेवला. मास्तरांनी या वेळी बराच वेळ नाक घालून विचार केला. "वरती कापूर आहे. पण त्याच्या खाली, बाई, सुकट आहेच."

"आवो, धुती तवा वास जातो. मंग येतो कुठनं?"

"वाळवता कुठं?"

"अंगनात."

"आणि अंगणात काय असतं?"

येसूबाईनं खिडकीतून बाहेर बघितलं. डिसेंबरचा महिना, बोंबलांचा भर. अंगणं, खळी, किनारा, सगळीकडे वलांड्या उभ्या आणि त्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून लटकलेले. वारा आला तरी त्यांच्यातूनच गाळून यायचा.

मास्तर सहज बोलून गेले. "इथं हवेतच आहे तो. खूप उंचावर वाळवली तर कदाचित नसेल."

मास्तर देशावरचे. आपण काय बोललो हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

गावात उंच जागा एकच. देवळामागचं टेकाड, आणि त्या टेकाडावर रोवलेली सुरूची तीन पुरुष उंच काठी. ती काठी वाळवणासाठी नव्हती. कोळीवाड्यात कोणी मेलं तर त्या दिवशी कोणी मासेमारी करायची नाही, ही रीत. होड्या तर पहाटेच गेलेल्या. म्हणून काठीवर हातभर पांढरं फडकं चढवायचं. समुद्रावरून ते दिसलं की होड्या हातातलं काम टाकून माघारी येणार. आणि कोणी उगाच फडकं चढवलं तर दंड म्हणून सगळ्या होड्यांवरच्या माणसांना जेवण घालायचं.

हा दंड गेल्याच वर्षी वसूल झाला होता. नीराबाईची सासू सखुबाई, वय नव्वदीच्या घरातलं, एका सकाळी निपचित पडली. नीराबाईनं घाईनं फडकं चढवलं. होड्या आल्या, तिरडीचे बांबू आणले, आणि सखुबाई उठून बसली व पेज मागू लागली. लोक म्हणाले, जाऊ दे, म्हातारी वाचली यातच आलं. तेव्हा येसूबाई उभी राहिली होती.

"सासू उठली, चांगलंच झालं. पन तिच्या उठन्यानं आमच्या जाळ्यात मासळी पडली काय? रीत म्हंजे रीत. जेवान चुकायचं न्हाय!"

आणि नीराबाईनं जेवण घातलं होतं. येसूबाईनं दोनदा कालवण मागून घेतलं होतं.

तर ही रीत येसूबाई विसरली होती असं कोणी समजू नये. तिनं पुरता विचार केला. फडकं पांढरं असतं, गोधडी हिरवी-जांभळी. मग कोणाला काय कळायचंय? तेवीस तारखेच्या सकाळी गोधडी पुन्हा धुऊन ती कमळच्या हातात बांबू देऊन टेकाडावर गेली. आडव्या बांबूला गोधडी पसरून बांधली, मधोमध दोरी घालून शिडासारखी वर ओढली. रंगीत अंग समुद्राकडे, धोतराचं अंग गावाकडे.

"आई, गावातली मानसं पांढरं बघून काय म्हनतील?" कमळ म्हणाली.

"गावातलं कोन वर बघतंय? समद्यांच्या माना बोंबलांत. आन् बघितलंच तर मी मेले न्हाय हे त्यांना दिसतंय की."

ती घरी आली, जेवली आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा निश्चिंत होऊन ओटीवर आडवी झाली.

आता एक गोष्ट कोळ्याच्या दुधपित्या पोरालाही ठाऊक असते. सकाळचा वारा डोंगराकडून समुद्रावर जातो आणि दुपारी तोच फिरून समुद्रावरून गावात येतो. पन्नास वर्षं समुद्राकाठी काढलेल्या बाईला हे कोणी सांगायला हवं होतं, असं नाही. पण येसूबाईला काही सांगायची सवय वाऱ्यानंही केव्हाच सोडून दिली असावी. दुपारी तो गुपचूप फिरला. शीड फिरतं तशी गोधडी फिरली. हिरवं-जांभळं अंग गावाकडे आलं, आणि तुकारामचं नारळी पुनवेचं धोतर भर उन्हात समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं.

समुद्रावर सात होड्या होत्या. पहिलं हरेश्वरनं पाहिलं.

"बाबा, फडकं!"

तुकारामनं डोळ्यांवर हात धरला. "एवढं मोठं?"

सगळ्या होड्यांवर हाच प्रश्न पडला. सखुबाईच्या वेळी फडकं हातभर होतं. हे चांगलं धोतराएवढं. फडकं एवढं मोठं म्हणजे गेलेलं माणूसही मोठं. आणि कोळीवाड्यात मोठं माणूस म्हणजे कोण? पाटील काळूराम स्वतः दुसऱ्या होडीत जिवंत बसला होता. मग उरलं कोण? सातही होड्यांवर सगळ्यांच्या मनात एकच नाव आलं. कोणी ते तुकारामला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. त्यानं होडीचं तोंड केव्हाच किनाऱ्याकडे वळवलं होतं.

इकडे किनाऱ्यावरच्या बायकांनी भर दुपारी होड्या परत येताना पाहिल्या. टेकाडाकडे बघितलं तर तिथं रंगीत काहीतरी लटकलेलं, फडकं नाही. म्हणजे गावात कोणी गेलं नाही. मग होड्या का आल्या? समुद्रावर कोणीतरी बुडालं! हातातले बोंबील टाकून बायका पुळणीवर धावल्या.

"कोन गेलं रं?" बायकांनी ओरडून विचारलं.

"आमाला काय इचारता? तुमीच सांगा!" होड्यांवरून उत्तर आलं.

या आरड्यानं येसूबाईला जाग आली. कोणीतरी गेलं एवढंच तिच्या कानावर पडलं. मयताच्या ठिकाणी रडावं तर येसूबाईनं, असा तिचा लौकिक होता. कोण गेलं हे नंतर विचारता येतं, रडणं आधी सुरू व्हायला लागतं. ती पदर सावरत पुळणीवर आली, एका बाजूला वाळूत बसली, पदर तोंडावरून ओढला आणि गळा काढला.

"आरं माज्या राजाऽ, अशी कशी रं वाट धरलीस…"

तुकाराम होडीतून उतरला तो कसाबसा. समोर कोणी बाई पदर घेऊन रडते आहे एवढंच त्याला दिसलं. तो तिच्याशेजारी जाऊन वाळूत बसला.

"नको रडू, बाय," तो म्हणाला. "ती तर सुटली."

येसूबाईनं पदराआडून, रडण्याचा सूर न सोडता विचारलं, "कोन गेलं वो?"

"माजी येसू."

रडणं थांबलं.

"तोंड व्हतं गो तिचं, कोयत्यावानी," तुकाराम समुद्राकडे बघत सांगत होता. "चाळीस वरसांत एक घास सुखानं गिळू दिला न्हाय. पन आता त्यो घास घशाखाली उतरंल कसा, तूच सांग."

मागे उभ्या असलेल्या नीराबाईनं डोळ्यांना पदर लावला. "गेलेल्या मानसाला नावं ठेवू नये. पन काय जीभ, काय जीभ! माज्याकडनं जेवान घेतलंन आन् वर म्हनते, मीठ कमी."

"कमीच व्हतं," पदराआडून आवाज आला.

तुकाराम दचकून बाजूला सरकला. येसूबाईनं पदर मागे टाकला.

"कोयत्यावानी काय वो? आन् नीरे, तू थांबलीस का? चालू दे की. मेलेलं मानूस कुठं ऐकतंय!"

नीराबाई किंचाळली. तुकारामनं मात्र हात पुढं करून बायकोचं मनगट धरलं, दाबून बघितलं, आणि तसंच धरून बसला. येसूबाईनंही ते थोडा वेळ सोडवलं नाही.

मग सगळ्यांच्या माना टेकाडाकडे वळल्या. गोधडी वाऱ्यावर अर्धवट फिरली आणि धोतराचं टोक दिसलं.

"त्ये माजं धोतर हाय!" तुकाराम म्हणाला.

काळूराम पाटलानं सगळा प्रकार ऐकून घेतला. सात होड्यांची अर्धी ओढलेली जाळी समुद्रात तशीच सोडून माणसं आली होती.

"येसूवैनी, रीत तुमाला ठावं हाय," तो जपून म्हणाला.

"रीत मेलेल्या मानसाच्या फडक्याची हाय. ही गोधडी हाय. चांगली हिरवी-जांभळी."

तेवढ्यात काठी टेकत सखुबाई पुढे आली. वर्षभरात ती आणखी ठणठणीत झाली होती. "येसू," ती म्हणाली, "मी उठून बसले तवा काय म्हनली व्हतीस गो? तुज्या उठन्यानं जाळ्यात मासळी पडली काय?"

येसूबाई पदराची वाळू झटकू लागली, नव्हती तिथलीसुद्धा. नीराबाईनं ते सगळं मन भरून पाहून घेतलं.

"जेवान उद्या दुपारी," येसूबाई उठत म्हणाली. "आन् मीठ बरोबर आसंल."

गोधडी खाली उतरवून मास्तरांकडे नेली. त्यांनी हुंगली, पुन्हा हुंगली. "नाही," ते म्हणाले. "कापूर आणि शिकेकाई. मासळी अजिबात नाही." एवढा दंड पडला तो वाया गेला नाही म्हणून येसूबाई रात्रभर शांत झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळा कोळीवाडा येसूबाईच्या अंगणात पंगतीला बसला. नर्सही आली. येसूबाई गेल्याची बातमी काल तिच्यापर्यंत पोचली होती, तिनं देवाजवळ मेणबत्तीही लावली होती. आता त्या मेणबत्तीचं काय करायचं असं हसत तिनं पिशवीतून एक लहानसं टोपडं काढून कमळच्या मांडीवरच्या बाळाला घातलं. स्वतःचा जुना स्वेटर उसवून विणलेलं.

"नाताळची भेट," ती म्हणाली. "पैसा खर्च केलेला नाही."

म्हणजे आणखी एक उपकार! येसूबाईनं वेळ घालवला नाही. पंगत अर्ध्यावर असताना, सगळ्यांच्या नजरा आहेत हे पाहून तिनं गोधडी आणली आणि नर्सच्या हातात ठेवली. नीराबाईचा घास हातातच राहिला.

नर्सनं गोधडी उलगडली, नारळाच्या फुलांवरून बोट फिरवलं. मग ती नाकाशी नेली. तिचा हात रुमालाकडे गेला नाही. पण तोंड उतरलं.

"काय झालं?" येसूबाईनं विचारलं. "वास येतो?"

"नाही, फार सुंदर आहे, मावशी."

"नरसबाय, खरं सांगा. मी खोटं चेहऱ्यावर वाचते."

नर्सनं इकडेतिकडे बघितलं. "वास येतो," ती म्हणाली. "दवाखान्याचा. कापूर, धुऊन धुऊन काढलेलं कापड… दिवसभर मी तेच तर हुंगते. मला वाटलं होतं, तुमच्या घरची गोधडी, तिला मासळीचा वास असेल."

अंगणात माशी उडालेली ऐकू आली असती, आणि माशा बऱ्याच होत्या.

"मी कोर्लईच्या कोळीवाड्यातली, मावशी," नर्स म्हणाली. "माझा बापही होडीवरचा तांडेल. वलांडीखालीच खेळून मोठी झाले. आधी एकदा घाटावर नेमणूक होती, तर मला झोपच येईना. शेवटी आईनं सुकटीची पुरचुंडी पाठवली, ती उशाखाली ठेवायची. आता पुन्हा तिकडंच जायचं. म्हटलं, तुमची गोधडी असली की निदान डोळा तरी लागेल."

"मंग त्या दिशी माज्या दारात नाकाला रुमाल कशाला लावलात?"

नर्स अवघडली. "तो मासळीला नव्हता, मावशी. तुमच्या मशेरीला होता. तवा असा धुरावला होता, मला शिंकांवर शिंका येतात त्यानं."

आधी सखुबाई हसली, दात नसलेलं मोकळं हसू. मग सगळी पंगत हसली. तुकाराम कालवणाच्या वाटीत तोंड घालून हसला, तेवढंच त्याला शक्य होतं.

येसूबाई हसली नाही. तिनं सूर्याकडे बघितलं. चारच्या एसटीला अजून दोन तास होते.

"कमळे," ती म्हणाली, "ऊठ. नीरेच्या वलांडीवरचे बोंबील अर्धे बाजूला सार."

"माज्या?" नीराबाई म्हणाली.

"तुजे ओले हायेत. वास चांगला धरंल."

गोधडी बोंबलांच्या मधोमध टांगली गेली. येसूबाई स्वतः खाली उभी राहिली, आणि तासाभरानं हाक मारून म्हणाली, "उलटी कर गो. दोनी अंगांनी लागू दे." निघायच्या आधी मास्तरांना बोलावून हुंगायला लावली. मास्तरांनी डोळे मिटले आणि मान हलवली. पास.

एसटीत गोधडी घेऊन नर्स बसली तेव्हा शेजारचा माणूस उठून मागे गेला. कंडक्टर म्हणाला, "बाई, सुकट टपावर ठेवा." नर्स म्हणाली, "सुकट नाही, नाताळची भेट आहे," आणि तिनं गोधडी पांघरून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसूबाईनं मशेरीचा तवा ओटीवरून उचलला आणि मागच्या दारी, पार माडाखाली नेऊन चूल मांडली. नीराबाई कुडावरून बघत होती. तिनं तोंड उघडलं, येसूबाईनं नुसतं तिच्याकडे पाहिलं, आणि नीराबाई बोंबील टांगू लागली.